नेत्यांच्या रांगेतली बिनचेहऱ्याची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बाहुली आहे. तशी फार जुनी नाही, नुकती तिशी ओलांडलेली; पण ज्या लाकडाचा जन्मच घाबरत घाबरत झाला, त्याला म्हातारपण लवकर येतं. मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको. शूर वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. तलवारीचं वाचलं असेल, किल्ल्याच्या दाराचं वाचलं असेल. माझ्याकडे तसलं सांगण्यासारखं काही नाही. मी आतून पोकळ आहे, आणि त्या पोकळीत बरीच वर्षं भीती राहत आली आहे.

रशियातल्या एका लहान गावी खेळण्यांचं संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या दालनात, खिडकीपासून दूर, एका काचेच्या कपाटात मी उभी असते. आमच्या जातीच्या बाहुल्या एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशा राहतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कपाटात मात्र आम्हाला एकमेकींतून काढून रांगेत मांडलं आहे. रांगेत सगळे देशाचे नेते आहेत. सगळ्यांत लहान दाढीवाला, अंगठ्याएवढा. मग मिशीवाला, मग टकल्या, मग छातीभर पदकं लावलेला भुवयांवाला, आणि मग कपाळावर डाग असलेला. भुवयांवाल्यानंतर आणखी दोघं आले होते, पण ते इतके थोडे दिवस टिकले, की आमच्या रंगारणीने त्यांच्यावर रंग फुकट घालवला नाही. आमच्या घराण्याचा नियम सोपा आहे. नवा आला, की तो सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बाहेरचा. जुना मुकाट्याने त्याच्या पोटात जातो.

रांगेच्या टोकाला माझी जागा. डागवाल्याहून चार बोटं उंच. आणि मला चेहरा नाही. ना डोळे, ना नाक, ना मिशी. अंगभर बटाट्याच्या पिठाची खळ चोपडलेली, तेवढाच काय तो माझा साज. माझ्यासमोरच्या चिठ्ठीवर ‘अपूर्ण’ एवढंच लिहिलं आहे. अपूर्ण का, ते चिठ्ठीवर नाही. ते मी सांगते.

माझा बाप म्हणजे प्रोखोर कातारी, बायकोचा प्रोशा. त्याच्या घरामागे एक पडवी होती आणि त्या पडवीत लेथ घरघरायचा. त्याची बायको अग्लाया बाहुल्या रंगवायची, आणि त्यांची मुलगी तईसिया, घरातली ताया, त्या पिशवीत भरून मॉस्कोला न्यायची आणि अरबात रस्त्यावर परदेशी पाहुण्यांना विकायची. पूर्वी गावात फक्त रुमाल बांधलेल्या गोबऱ्या बायकाच घडायच्या. पण डागवाल्याच्या काळात देशाचा पाश जरा सैलावला. लोक मोठ्याने हसायला लागले. तेव्हा तायानेच आईला म्हटलं, की रुमालवाल्या पुरे झाल्या, आता नेते काढ. अग्लायाने नेते काढले, आणि काढले ते अस्से काढले, की पाहणाऱ्याला हसू आवरायचं नाही. मिशीवाल्याच्या मिशा तिने झुरळाच्या मिशांसारख्या काढल्या. भुवयांवाल्याच्या छातीवर जागा उरेना, म्हणून उरलेली पदकं त्याच्या पाठीवर लावली. पाहुणे त्यांच्यावर तुटून पडत.

माझा जन्म ऑगस्टमधल्या एका सोमवारी झाला. त्या दिवशी सकाळपासून टीव्हीवर बातम्या नव्हत्या. पांढऱ्या झग्यातल्या मुली चवड्यावर नाचत होत्या आणि व्हायोलिनं रडत होती. नाच संपला, की पुन्हा तोच नाच. ताया तेव्हा पिशवी घेऊन मॉस्कोला गेलेली, मैत्रिणीकडे उतरलेली.

प्रोखोरने चहाचा पेला खाली ठेवला आणि टोपी काढली.

“गेला,” तो म्हणाला.

“कोण गेला?” अग्लायाने विचारलं.

“आपला डागवाला. दुसरं कोण? व्हायोलिन ऐकू येत नाही का तुला? भुवयांवाला गेला तेव्हा हेच, पुढचे दोघं गेले तेव्हाही हेच. यांच्याकडे माणूस मेला, की आधी बाया नाचवतात, मग सांगतात.”

“अरे, चांगला धडधाकट होता की तो.”

“धडधाकटच असतात सगळे. आदल्या दिवसापर्यंत नुसती सर्दी असते.”

आमच्या देशात जन्म काढलेल्या कुठल्याही माणसाने त्या सकाळी हेच म्हटलं असतं. प्रोखोर थेट पडवीत गेला. आठवड्याभरात पाहुणे नव्या नेत्याची बाहुली मागणार, आणि ताया परत येईपर्यंत ती तयार हवी, असा त्याचा साधा हिशेब. त्याने कोपऱ्यातला लिपा नावाच्या झाडाच्या मऊ लाकडाचा जाडजूड ओंडका काढला. वर्षानुवर्षं वाळवलेला, सोन्यासारखा जपलेला. तो ओंडका म्हणजे मी.

पटाशी पहिल्यांदा अंगाला लागली तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. तुम्ही म्हणाल, लाकडाला काळीज कुठलं? बरोबर आहे, कारण पुढच्या अर्ध्या तासात प्रोखोरने ते कोरून बाहेरच काढलं. आधी माझं खालचं अर्धं घडलं, मग वरचं. दोन्ही अर्धी एकमेकांत बसवून पिळली तेव्हा मी चिरकले, आणि तो खूश झाला. चिरकणं ही चांगल्या बाहुलीची खूण असते. मग अग्लायाने मला उबदार खळ चोपडली आणि परसाच्या टोकाला वाफेचं न्हाणीघर होतं, तिथल्या बाकावर सुकायला ठेवलं. तिथे धूळ नसे. ती ब्रश धुऊन टीव्हीसमोर जाऊन बसली, नव्या माणसाचा चेहरा दिसण्याची वाट बघत.

दुपारी चेहरे दिसले. एक नाही, अख्ख्या टेबलभर. करड्या कोटातली माणसं कागद बघून वाचत होती, की डागवाल्याची प्रकृती बरी नाही आणि यापुढे देशाचं आम्ही बघू. मग पडद्यावर रस्ता दिसला. रस्ता मॉस्कोचा होता आणि त्यावरून रणगाडे चालले होते.

अग्लाया परसात धावत आली. न्हाणीघराच्या उघड्या दारातून मला तिचा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज मी आजही विसरलेले नाही.

“प्रोशा, ताया अरबातवर आहे. तिच्या पिशवीत मिशीवाला आहे. झुरळाच्या मिशांचा.”

तिला आठवला होता तिचा सख्खा मामा. ती लहान असताना मामाने बाजारातून खारवलेला मासा आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या पानावर मिशीवाल्याचा फोटो होता. फोटोला माशाचं तेल लागलं. वाटेत ते कोणीतरी पाहिलं. मामाला नेलं, आणि मामीने मरेपर्यंत त्याची वाट पाहिली. अग्लायाच्या घरात त्यानंतर मासा कधी कागदात गुंडाळला गेला नाही.

प्रोखोर टपाल कचेरीत धावला. तिथून मॉस्कोला फोन लागेना. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा माझ्यासारखाच पांढरा होता.

“मी जातो. संध्याकाळची गाडी आहे,” तो म्हणाला.

“जाऊन कुठे शोधणार आहेस तिला? एवढ्या गर्दीत? आणि तिला धरलं असेल, तर पहिला प्रश्न काय विचारतील? बाहुल्या कोणी केल्या. मग इथे येतील.” अग्लायाने बाहुल्यांचं कपाट उघडलं. “इथे काही सापडलं नाही, तर ती म्हणू शकेल, रस्त्यात कुणाकडून तरी विकत घेतल्या. इथे कपाट भरून सापडल्या, तर पोर मेली माझी.”

प्रोखोरला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. भीतीचं बोलणं नेहमी मुद्देसूद असतं.

घरात गॅसची शेगडी होती, त्यामुळे जाळायचं झालं तर एकच जागा, न्हाणीघराची भट्टी. दोघांनी पोतीच्या पोती नेते आणले. मी बाकावर होते, सगळं डोळ्यांसमोर घडलं. डोळे नसताना दिसलं कसं, ते विचारू नका. न बघता आलं असतं तर मीही बघितलं नसतं. वार्निश आधी उकळायचं, मग चेहऱ्यावरून ओघळायचं, मग सगळी बाहुली एकदम पेटायची. आतल्या बाहुल्या बाहेरच्यांच्या पोटात तडतडायच्या. प्रत्येक वेळी भट्टीचं दार उघडलं, की वाटायचं, आता माझी पाळी. अग्लाया डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावून एकेकाला आत टाकत होती. वर्षभराचं तिचं काम होतं ते.

पण घाईत एक गोष्ट दोघंही विसरले. आमच्या गावात न्हाणी शनिवारी पेटते. शनिवारी सगळ्या परसांतून धूर निघतो आणि कोणाचं लक्षही जात नाही. सोमवारी भर दुपारी एकाच न्हाणीतून काळाकुट्ट धूर निघणं म्हणजे गल्लीभर दवंडी पिटण्यासारखंच. आणि तो धूर पाहून आली ती रिम्मा सावेल्येव्ना.

रिम्मा सावेल्येव्ना चार घरं सोडून राहायची. गावातल्या कारखान्यात ती कामगारांच्या नेमणुका बघायची, आणि कोण काय बोलतं तेही बघायची, असं लोक म्हणत. निवृत्त होऊनही तिला पाहिलं, की बोलणारा वाक्य अर्ध्यात गिळायचा. ती आली ती काखेत जाडसा टॉवेल आणि हातात न्हाताना अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन, अगदी आंघोळीच्या तयारीत.

“सोमवारी न्हाणी?” ती दारातून म्हणाली. “लग्न आहे की मयत?”

अग्लायाने भट्टीचं दार पायाने ढकललं. “प्रोशाची कंबर धरली आहे, रिम्मा सावेल्येव्ना. म्हटलं शेक द्यावा.”

कंबर धरल्याचं प्रोखोरला तेव्हाच कळलं. त्याने घाईघाईने गुडघा धरला आणि कण्हायला सुरुवात केली.

“कंबर बरीच खाली उतरली आहे तुमची,” रिम्मा सावेल्येव्ना म्हणाली आणि आत येऊन बसली. नेमकी माझ्या शेजारी.

भट्टीच्या फटीतून वार्निशचा वास येत होता, आणि तो वास गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. तिने नाक वर करून श्वास घेतला. मग मला उचललं. तिचे हात मोठे आणि घामेजलेले होते. त्या हातांत माझी अशी गाळण उडाली, की माझी दोन अर्धी आपोआप सुटतील की काय असं वाटलं.

“हा कोण?” तिने विचारलं.

“अजून… अजून कळलं नाही,” अग्लाया म्हणाली.

“बरोबर आहे. इतक्यात कळूच नये.” तिने मला खाली ठेवलं. “प्रोखोर, दार लावून घ्या.”

प्रोखोरने दार लावलं. अग्लाया भिंतीला टेकली. मला वाटतं, त्या क्षणी तिच्या मनात ताया नव्हती, मामी होती. आणि मग रिम्मा सावेल्येव्नाने टॉवेल उलगडला. आत एक बाहुली होती. आमचीच, डागवाल्याची, पोटात सगळे नेते असलेली. मार्चमध्ये बायकांच्या सणाला तायानेच तिला हौसेने भेट दिलेली. डागवाल्याच्या अर्ध्या तोंडाचा जळून कोळसा झाला होता.

“माझ्याकडे गॅस आहे हो,” ती म्हणाली. तिचा तो कारखान्यातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. “गॅसवर धरून बघितली. पेटत नाही, नुसती करपते. आता हे अर्धं तोंड कुणी पाहिलं, तर म्हणतील मुद्दाम जाळलं. आधी नुसती बाहुली होती, आता गुन्हा झालाय. तुमचा धूर दिसला आणि जिवात जीव आला. टाकता का आत? तुमचे चाललेच आहेत, त्यात माझा एक.”

अग्लायाने ती बाहुली घेतली आणि भट्टीत टाकली. मग तिघंही त्या धगीत बसून राहिले, अंगावर सगळे कपडे, घामाने निथळत, एकमेकांकडे न बघता, ती पूर्ण जळेपर्यंत. सगळी गल्ली जिला भ्यायची, ती बाई गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त भेदरलेली होती. हे कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. पण उलटंच झालं. मला वाटलं, ही जर घाबरली आहे, तर मग आता कुठेच आसरा नाही.

निघताना ती म्हणाली, “मी आंघोळीला आले होते.”

“हो. तुम्ही आंघोळीलाच आला होता,” अग्लाया म्हणाली.

रिम्मा सावेल्येव्नाने बादली उचलली, कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतली, आणि ओल्या केसांनी सगळ्या गल्लीला दिसेल अशी सावकाश घरी गेली.

उरले मी. अग्लायाने मला उचललं आणि भट्टीचं दार उघडलं. आतल्या निखाऱ्यांचा उजेड माझ्या पांढऱ्या अंगावर पडला. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला मला तोंड नाही, आणि असतं तरी सांगता आलं नसतं.

“तिला कशाला?” प्रोखोर म्हणाला. “तिला कुठे चेहरा आहे? आणि बाहुल्या करणाऱ्याच्या घरात एकही बाहुली नाही, हे बघून तर ते आधी विचारतील.”

मी चेहरा नव्हता म्हणून वाचले, मित्रांनो. दुसरं कुठलंही कर्तृत्व माझ्या नावावर नाही. अग्लायाने मला घरात नेऊन टेबलावर ठेवलं. रुमालवाली गोबरी बाई काढायची, असं तिने ठरवलं. पण ब्रश टेकवायची आणि तसाच पुन्हा पाण्यात बुडवायची. त्या दिवशी नाही जमलं, पुढच्या दोन दिवसांतही नाही. अंगणात कुत्रं भुंकलं, की दोघं उठून उभी राहत. गल्लीत गाडीचा आवाज आला, की प्रोखोर कोट घालायचा, म्हणजे न्यायला आले तर थंडी वाजू नये. टेबलावर पाव तसाच वाळत पडलेला असायचा. ताया जिवंत आहे की नाही, हा एकच प्रश्न घरात होता.

चौथ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. प्रोखोरने कोट घातला. दारात ताया उभी होती. केसांचं पार घरटं झालेलं, आवाज बसलेला, आणि तोंडभर हसू.

अग्लाया तिच्या अंगावर कोसळलीच. मग ताया भराभर सांगू लागली. डागवाला मेला बिला काही नव्हता, त्याला नुसतं कोंडून ठेवलं होतं आणि तो परत आला होता. करड्या कोटवाल्यांचं राज्य गडगडलं होतं. ती लोकांबरोबर रस्त्यावर उभी होती, पावसात, रणगाड्यांसमोर.

“रणगाड्यांवर पोरं होती गं आई, माझ्याहून लहान. उपाशी. बायका त्यांना पाव नि सॉसेज देत होत्या. माझ्याकडे काय होतं? बाहुल्याच. त्याच वाटल्या. एक जण तोफेवर बसून मिशीवाला उघडत होता आणि खो खो हसत होता. एकच संच उरलाय बघ.” तिने पिशवीतून तो टेबलावर ठेवला. “आता कपाटातले बाकीचे काढ. उद्या अरबातवर पाहुण्यांची झुंबड उडेल.”

मग तिने कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं.

“बाहुल्या कुठेत?” तिने विचारलं. “नेल्या? घरी आले होते ते?”

“नाही,” अग्लाया म्हणाली. “जाळल्या.”

“कोणी?”

“आम्ही.”

“पोलीस आले होते?”

“नाही.”

“कोणी निरोप पाठवला? धमकी दिली?”

“नाही गं.”

“मग आई, जाळायला सांगितलं कोणी?”

अग्लायाने आपले हात पुढे धरले. वार्निशच्या धुराने ते काळे पडले होते.

“कोणीच नाही,” ती म्हणाली. “आम्हाला सांगावं लागत नाही.”

ताया आईवर रागावली नाही. ती तिच्याजवळ जमिनीवर बसली, तिचे हात हातात घेतले आणि रडली. मॉस्कोत रणगाड्यासमोर न रडलेली पोर त्या रिकाम्या कपाटासमोर रडली.

उरलेला संच माझ्या पोटात बरोबर बसला, एकाच हाताच्या मापाचा तो. पण अग्लायाने मला चेहरा दिला नाही. पुढे तो देशच मोडला, नवा झेंडा आला, नवा नेता आला, पाहुणे नवी बाहुली मागू लागले. तिने नेते पुन्हा कधी काढले नाहीत. बालवाडीच्या कपांवर ती बदकं रंगवायची. ती आणि प्रोखोर गेल्यावर तायाने आम्हाला संग्रहालयात दिलं. देताना तिने एकच सांगितलं, की मोठीला रंगवू नका आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी ठेवा.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मुलं यायची, काचेला नाक लावून मला कोणाकोणाचे चेहरे द्यायची. कोणी शाळेच्या मुख्याध्यापकांचा, कोणी स्वतःच्या आजीचा. आमच्या दालनाची राखणदार फाइना ल्वोव्ना खुर्चीवर विणत बसते. तीही हसायची. मुलांना म्हणायची, “हळू बोला रे, ती ऐकते, आणि मग तसाच चेहरा उगवतो.”

आता मुलं ‘हा कोण?’ असं विचारतात, तेव्हा त्यांच्या आया त्यांचा दंड धरून पुढे नेतात. मोठी माणसं माझ्यासमोर थांबतात, मनातल्या मनात आता गादीवर असलेला एक चेहरा लावून बघतात, ते मला कळतं, आणि लगेच मिशीवाल्याकडे वळतात. आणि गेल्या आठवड्यात फाइना ल्वोव्नाने कपाट उघडलं, मला रांगेतून उचललं आणि डागवाल्याच्या मागे, कोपऱ्यात, भिंतीकडे सरकवून ठेवलं. दालनात तेव्हा कोणी नव्हतं. वरून हुकूम आला नव्हता, फोन वाजला नव्हता. तिचे हात घामेजलेले होते, आणि ते मी ओळखले. तसेच हात मी एकदा न्हाणीघरात पाहिले आहेत.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला पुसा, आम्हाला ओल लागू देऊ नका, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला या अंधाऱ्या कोपऱ्यात फार भीती वाटते, तरी मी माझ्यासाठी काही मागत नाही. कधी तुम्हीही घाबराल. तुमच्या हातात आपण होऊन काडी येईल, आणि समोर तुमच्याच हाताने केलेलं काहीतरी असेल. तेव्हा काडी ओढण्याआधी तायाने विचारलं तेवढंच स्वतःला विचारा, की हे करायला सांगितलं कोणी? आणि उत्तर ‘कोणीच नाही’ असं आलं, तर ती काडी पेटीत परत ठेवा.